दोन बैल, एक जू आणि पाचशे वॅट

मे महिन्यात नागपूरच्या घरात वीज आधी कुणी खायची, याचा मानपान ठरलेला असतो. पहिला मान कूलरचा. त्यानंतर फ्रीज, मग टाकीत पाणी चढवणारी मोटर, आणि उरलंच काही तर पोराचा कॉम्प्युटर. खिडकीला लावलेला दणकट डेझर्ट कूलर दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतो आणि तेवढ्यात अख्खी बैठक, तिथे निजलेले आजोबा आणि भरदुपारी टपकलेले पाहुणे अशा सगळ्यांना गार ठेवतो. एप्रिल २०१४ मध्ये एएमडी कंपनीने ‘रेडिऑन आर९ २९५एक्स२’ नावाचं ग्राफिक्स कार्ड बाजारात आणलं. हे कार्ड एकटंच ५०० वॅट खात असे, म्हणजे अडीच कूलर, आणि गार मात्र कुणालाच करत नसे. उलट त्यालाच गार ठेवायला कंपनीने पाण्याच्या नळ्या, पंप आणि रेडिएटर सोबत दिला होता. समीक्षकांकडे ते धातूच्या ब्रीफकेसमध्ये बसून गेलं. हिंदी सिनेमात अशा ब्रीफकेसमध्ये जे असतं, त्यापेक्षा त्याची किंमत फार कमी नव्हती.

त्या कार्डाच्या पोटात एक नव्हे, दोन चिप होत्या. ही कल्पना काही नवी नाही. एका चिपचा जोर कमी पडतोय, तर दोन लावा, हे कुणालाही सुचण्यासारखं आहे आणि अनेकांना सुचलंही. १९९९ साली एटीआय कंपनीने ‘रेज फ्युरी मॅक्स’ हे दोन चिपचं कार्ड काढलं. लगेच विंडोज २००० आली आणि तिच्यात या कार्डाची एकच चिप चालायची. दुसरी नुसती बसून राहिली, फुकट्या प्रवाशासारखी. २००० साली थ्रीडीएफएक्स कंपनीने दोन चिपचं ‘व्हूडू५ ५५००’ आणलं आणि तेवढ्यावर न थांबता चार चिपचं ‘व्हूडू५ ६०००’ करायला घेतलं. त्याची भूक एवढी, की त्याला वीज पुरवायला वेगळा बाहेरचा डबा लागणार होता. ते कार्ड दुकानात पोचलंच नाही. डिसेंबर २००० मध्ये कंपनीनेच आपला बाडबिस्तरा एनव्हिडियाला विकायला काढला. आज त्या अर्धवट कार्डाचे मोजके नमुने शौकीन लोक हजारो डॉलर मोजून घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. दोन चिपच्या कार्डांना शोभणारी सगळ्यात योग्य जागा तीच असावी, असं पुढचा इतिहास पाहता वाटतं.

२००६ ते २०१६ हा या जोडकार्डांचा खरा बहराचा काळ. एनव्हिडियाने ७९५० जीएक्स२ आणलं, एएमडीने ३८७० एक्स२. मग एकाने २९५ काढलं की दुसऱ्याने ५९७०, याने ६९९० काढलं की त्याने ५९०. २०१२ साली जीटीएक्स ६९० आलं, तेव्हा एनव्हिडियाने समीक्षकांच्या घरी आधी एक लोखंडी पहार पाठवली आणि मागून खिळे ठोकलेली लाकडी पेटी. पहारीने पेटी फोडायची आणि आत कार्ड. कार्ड बसवायला स्क्रू ड्रायव्हर पुरतो. पहार लागते ती किंमत ऐकून मिटलेले बापाचे ओठ उघडायला.

किंमत हा विषय तसा थोडक्यात आवरता येत नाही. २९५एक्स२ ची किंमत १,४९९ डॉलर होती. तेव्हा डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे कर, आयात खर्च आणि दुकानदाराचा नफा बाजूला ठेवूनही नव्वद हजार रुपये. त्या वर्षी सोन्याचा भाव दहा ग्रॅमला २८ ते ३० हजारांच्या घरात होता. इतवारीच्या सराफ्यात त्याच पैशात तीस ग्रॅम सोनं आलं असतं. २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला. कार्डाने कोणता टप्पा ओलांडला ते पुढे येईलच, पण ज्या घरात २०१४ साली आईने ‘त्यापेक्षा चार बांगड्या करून ठेव’ म्हटलं असेल, त्या घरात हा विषय आता न काढलेला बरा.

आणि हे कार्ड म्हणजे महागड्यांतलं स्वस्त. त्याच वर्षी एनव्हिडियाने जीटीएक्स टायटन झेड काढलं ते २,९९९ डॉलरला. रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास. तेवढ्यात तेव्हा बुलेट आली असती आणि वर रामटेकला जाऊन यायचं पेट्रोलही. गंमत अशी, की एकाच चिपचं टायटन ब्लॅक ९९९ डॉलरला मिळत होतं. तशी दोन वेगवेगळी घेतली तर १,९९८ डॉलर. म्हणजे तीच दोन इंजिनं एका पाटीवर डकवून देण्याची मजुरी हजार डॉलर! बरं, एका पाटीत कोंबल्यामुळे गरम होऊ नये म्हणून त्यांचा वेगही थोडा उतरवलेला. दोन सुटी कार्डं जास्त जोरात पळायची.

सीताबर्डीतल्या एखाद्या कॉम्प्युटरच्या दुकानात हा सौदा कसा झाला असता, याची कल्पना करायला फार डोकं चालवावं लागत नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा, सोबत वडील. मुलाने युट्यूबवर पाहून सगळं पाठ केलेलं.

‘दोन चिप आहेत म्हणतो, तं गेम दुप्पट चालते काय?’

‘चालते नं बाबा. काही काही गेममध्ये.’

‘अन् बाकीच्यात?’

‘बाकीच्यात एकच चिप चालते.’

‘मंग दुसरी काय करून राहिली तोवर?’

या प्रश्नाचं उत्तर एएमडी आणि एनव्हिडिया दोघांनाही दहा वर्षांत नीट देता आलं नाही. दुकानदाराने अशा वेळी भाऊ, चहा घ्या म्हणून विषय बदलायचा असतो.

त्या चहाच्या वेळात दोन चिप काम कशा वाटून घेतात ते पाहून घ्यायला हरकत नाही. पडद्यावरचा गेम म्हणजे सेकंदाला पन्नास-साठ चित्रं. थ्रीडीएफएक्सची १९९८ ची युक्ती अशी होती, की चित्राच्या विषम ओळी एकाने रंगवायच्या, सम ओळी दुसऱ्याने. पुढे एनव्हिडिया आणि एएमडीने मुख्यतः दुसरी वाटणी पत्करली: पहिलं चित्र एका चिपचं, दुसरं दुसरीचं, तिसरं पुन्हा पहिलीचं. कागदावर सुरेख. पण प्रत्येक चिपला सगळा पसारा स्वतःजवळच लागतो; भिंती, झाडं, शत्रू, त्याची बंदूक, सगळ्याची एकेक प्रत. म्हणून खोक्यावर ४ जीबी मेमरी छापलेल्या जीटीएक्स ६९० मध्ये गेमच्या कामी येणारी मेमरी होती २ जीबी. टायटन झेडची १२ म्हणजे खरी ६. एका घरात दोन सुना आणि दोघींचे वेगळे फ्रीज, पण आत भाजी तीच, असा हा कारभार.

त्याहून मोठी अडचण वेळेची. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. दोन चिपचा ताळमेळ जुळला नाही, की एक चित्र पाच मिलिसेकंदांत येतं आणि पुढचं अठ्ठावीसमध्ये. सरासरी काढली तर आकडा झकास. डोळ्यांना मात्र गाडी मानेवाडा रोडच्या खड्ड्यांतून चालल्यासारखी वाटते. बरीच वर्षं सगळे सरासरीवर खूश होते. मग काही समीक्षकांनी प्रत्येक चित्राचा वेळ वेगळा मोजायला सुरुवात केली, आणि २०१३ मध्ये असं दिसून आलं, की एएमडीच्या जोडकार्डांत कित्येक चित्रं तर पडद्यावर जेमतेम काही ओळींपुरतीच उमटत होती. मोजणीत ती पूर्ण धरलेली. एप्रिल २०१३ मध्ये ९९९ डॉलरला आलेल्या रेडिऑन एचडी ७९९० ला ही चाल सुधारणारा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड हाकणारं सॉफ्टवेअर, मिळाला ऑगस्टमध्ये. मधले महिने ग्राहकांनी डोळे चोळण्यात घालवले.

कामाची वाटणी हा विषय नागपूरला परका नाही. उलट या विषयातला देशातला सगळ्यात मोठा माणूस इथेच शिकला. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर १९६५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, बी.ई. झाले. पुढे १९८८ मध्ये पुण्यात त्यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली. अमेरिकेने भारताला हवा तो क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली होती. हवामानाच्या कामापुरता एक लहान क्रे दिला, तोही अटी घालून. भटकरांच्या चमूने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्यात एकही अवाढव्य चिप नव्हती. होते ते ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर, एकमेकांना जोडलेले, आणि त्यांची संख्या २५६ पर्यंत वाढवता येत होती.

गंमत म्हणजे क्रे महासंगणक घडवणाऱ्या सेमोर क्रे यांचा अशा जोडाजोडीवर अजिबात विश्वास नव्हता. शेत नांगरायचं तर दोन दणकट बैल हवेत की १,०२४ कोंबड्या, असा त्यांचा खोचक सवाल म्हणून सांगितला जातो. परमने कोंबड्यांकडून नांगरून घेतलं. ते जमलं कारण हवामानाच्या गणितात शेताचे तुकडे पाडता येतात. नकाशाचा प्रत्येक चौकोन एकेकीला वाटून दिला, की शेजारणीशी थोडं बोलून ज्याचा त्याचा हिशोब होतो. शिवाय तुकडे कसे पाडायचे, कोण कुणाशी कधी बोलणार, हे लिहिण्यासाठी सी-डॅकमध्ये माणसांची फौज होती. यंत्राइतकंच ते सॉफ्टवेअरचं काम होतं. जोडकार्डवाल्यांनी कोंबड्या नव्हे, चांगले दोन बैल घेतले. पण विदर्भात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या कुणालाही विचारा: पटावर एक बैल कितीही उधळला तरी वेळ जोडीची लागते, आणि जोडी पळते ती हाकणाऱ्याच्या जिवावर. इथे हाकणारा कोण, तर ड्रायव्हरमधलं प्रत्येक गेमसाठी वेगळं लिहिलेलं एक छोटं नियमपत्रक. नवा गेम आला, की कंपनीतला कुणीतरी ते लिहीपर्यंत नव्वद हजारांचं कार्ड एका बैलावर. कंपनीला कंटाळा आला, की कायमचं एका बैलावर.

आणि कंटाळा आलाच. गेमही बदलले होते. नव्या गेममध्ये चित्राच्या कडा गुळगुळीत करायला मागच्या चित्रातली माहिती लागते. मागचं चित्र तर दुसऱ्या चिपकडे! मग ही चिप तिच्या तोंडाकडे पाहत बसते आणि दोघी मिळून एकीच्या वेगाने काम करतात. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स १२ ने दोन चिप हाकण्याची जबाबदारी गेम लिहिणाऱ्यांवर टाकून दिली. असली कार्डं असणारे लोक मूठभर, त्यांच्यासाठी राबायला फारसं कुणी तयार झालं नाही. जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने दोन कार्डांसाठी नवी नियमपत्रकं लिहिणं थांबवलं. जून २०२१ मध्ये एएमडीने २९५एक्स२ चा अख्खं खानदान जुन्यांच्या यादीत ढकललं. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात जीटीएक्स ६९० आणि टायटन झेड यांनाही नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं बंद झालं.

इथे एक योगायोग नोंदवल्याशिवाय राहवत नाही. मे २०१४ मध्ये, म्हणजे २९५एक्स२ महिन्याचंही झालं नव्हतं तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना अटींसह पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा मान्य केला. खरे बैल पटावर परतले त्याच २०२१ साली चिपची जोडी पटावरून उतरली.

नागपुरात हे कार्ड चाललं असतं का, हा प्रश्न वेगळाच. २९५एक्स२ च्या चिपला ७५ अंशांची मर्यादा होती. त्यावर गेली की ती आपला वेग आपणच कमी करते. रेडिएटर उष्णता फेकतो ती खोलीतल्या हवेत. खोली २५ अंशांवर असेल तर ५० अंशांचं अंतर हाताशी असतं. सोनेगावच्या वेधशाळेत ४६ लागलेले असताना वरच्या मजल्यावरची, पत्र्याखालची खोली किती तापते ते सांगायला नको. अंतर उरतं तिशीच्या आत. वर कार्ड त्याच खोलीत पाचशे वॅटची उष्णता ओतत राहणार, कारण त्याने खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णताच होऊन बाहेर येते. इथल्या उन्हाने भल्याभल्या इलेक्ट्रॉनिक्सचं डोकं फिरवलंय. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि दिवसभर देशात खळबळ उडवली. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा मग हवामान खात्याने केला. जे यंत्र तापमान मोजायलाच बसवलं होतं त्याची ही कथा, तर कॉलेजच्या पोराच्या गेमची काय.

तोडगा म्हणून कॉम्प्युटर कूलरच्या तोंडासमोर ठेवणारेही निघतातच. कूलर हवेत पाणी सोडतो, आणि बोअरच्या पाण्याचा क्षार खसाच्या जाळीवर कसा पांढरा साचतो हे दर सीझनला पाहूनही ही माणसं तो वारा सर्किटवर घेतात. शिवाय कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे वळलं, की आजोबांची झोपमोड होते आणि प्रकरण तांत्रिक राहत नाही. दिवसाला चार तास गेम धरला तर हे कार्ड महिन्याला ६० युनिट खातं. उन्हाळ्यात आधीच ३०० युनिटांच्या टप्प्याला टेकलेल्या घराला वरच्या महाग टप्प्यात ढकलायला तेवढे पुरतात. तिकडे कोराडीत कोळसा जळून, राख आपल्याच जिल्ह्यात पडून ही वीज तयार झाली, आणि ती कशात गेली? घरातल्या मॉनिटरची ऐपत सेकंदाला साठ चित्रं दाखवण्याची असताना कार्डाने काढलेली वरची नव्वद चित्रं कचऱ्यात टाकण्यात.

मग घेण्यासारखं एकही नव्हतं? एक होतं, जीटीएक्स ६९०. दोन जीटीएक्स ६८० चे मिळून जेवढे पैसे होत, जवळपास तेवढेच, ९९९ डॉलर, याचे होते. कामही जवळपास दोघांएवढं, आणि वीज ३०० वॅट. प्रामाणिक सौदा. पण सप्टेंबर २०१४ मध्ये एकाच चिपचं जीटीएक्स ९८० आलं: ५४९ डॉलर, १६५ वॅट, वापरता येणारी मेमरी दुप्पट, आणि जोर ६९० च्या आसपास. सव्वादोन वर्षांत राजेपण गेलं. ज्याने २०१२ मध्ये पन्नास हजारांऐवजी पंचवीस हजारांचं एक कार्ड घेतलं आणि उरलेल्या पंचवीस हजारांत २०१४ मध्ये दुसरं, तो दोन्ही वेळा सुखी राहिला. अशा माणसाचं कौतुक मित्रमंडळींत कुणी करत नाही, ही त्याची शोकांतिका.

एका जातीच्या लोकांचे पैसे मात्र वसूल झाले: ज्यांना गेम खेळायचाच नव्हता. रेडिऑन एचडी ५९७० वर लोकांनी २०११ च्या सुमारास बिटकॉइन खणले. थ्रीडी ॲनिमेशनवाल्यांना चित्राचा एकेक चौकोन एकेका चिपला देता येतो, तिथे दोन म्हणजे खरंच जवळजवळ दोन. एनव्हिडियाचं दोन चिपचं टेस्ला के८० तर गूगलने कोलॅब या ऑनलाइन सेवेवर लोकांना फुकट वापरायला दिलं होतं. एआय शिकणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पहिले प्रयोग कुठल्यातरी दूरच्या के८० च्या अर्ध्या भागावर केले, नागपूरच्या वसतिगृहात बसून, वीजबिल गूगलच्या नावावर ठेवून. दोन चिपचं कार्ड वापरण्याची याहून शहाणी पद्धत अजून सापडलेली नाही.

कल्पना मेली असंही नाही. २०२२ मध्ये ॲपलने दोन एम१ मॅक्स शेजारी शेजारी शिवून एम१ अल्ट्रा केला, आणि २०२४ मध्ये एनव्हिडियाने बी२०० मध्ये दोन भले मोठे तुकडे सेकंदाला १० टेराबाइटच्या जोडणीने सांधले. जुन्या कार्डांवर दोन चिपमधली वाट याच्या शेकडो पट अरुंद होती. आता सॉफ्टवेअरला दोन दिसतच नाहीत, एकच दिसते. बैल दोन, पण जू हाडात रुतवलेलं. ते घरी आणण्याचा विचार मात्र करू नये. घरी आणायचं तर आरटीएक्स ५०९० आहे, एकच चिप, जानेवारी २०२५ मधली भारतातली सुरुवातीची किंमत २ लाख १४ हजार, वीज ५७५ वॅट. अडीच कूलरचे जवळपास तीन झाले.

तरीही कुणाला जुन्या बाजारात २९५एक्स२ दिसलं आणि हात शिवशिवले, तर पंपाला कान लावून पाहावा, गुडगुड येत असेल तर मागे फिरावं. पॉवर सप्लायच्या दोन्ही आठ-पिनी वायरी वेगवेगळ्या आहेत ना आणि प्रत्येकीला २८ अँपिअर सोसतात ना, ते बघावं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन नावं दिसली पाहिजेत. मग गेम लावून पाहायला सांगावा. अडखळला, तर विकणारा प्रेमाने सल्ला देईल, की भाऊ, सेटिंगमधून दुसरी चिप बंद करून टाका, एकदम मक्खन चालते. आणि खरंच चालते. बंद केल्यावर हातात राहतं ते एका चिपचं आर९ २९०एक्स, जे २०१३ मध्ये ५४९ डॉलरला वेगळं मिळत होतं. फक्त त्याला ब्रीफकेस नव्हती.